बंद केलं हो...!

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी बुलडाण्यात घरासमोर स्कूटर पुसत होतो. "काका, आई गेली... बसल्या बसल्या गेली," एवढंच ती बोलली. बातमी नीट पोटात उतरायच्या आधी माझ्या मनात पहिला प्रश्न उठला तो असा, की बेबीवहिनी बसली कधी? माझ्या थोरल्या भावाची ही बायको. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मी शाळेत होतो, आज मी सेवानिवृत्त आहे, आणि एवढ्या काळात तिला बूड टेकून निवांत बसलेली पाहिल्याचं मला आठवत नाही. राजूरचा घाट उतरताना, मोताळा, नांदुरा मागे टाकताना, पूर्णेचा पूल ओलांडताना हाच प्रश्न डोक्यात घणघणत होता. वरवट बकालच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला दादाची संत्र्याची बाग आहे आणि बागेतच दोन खोल्यांचं घर. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती, आणि तरीही मी वेड्यासारखा गोठ्याकडे, विहिरीकडे बघत होतो. ही कुठून तरी पदर खोचत येईल आणि म्हणेल, "भाऊजी, उभे काऊन? च्या ठेवू का?"

झालं होतं ते एवढंच. सकाळी दादाला चहा देऊन ती ओट्यावर तूरडाळ निवडायला बसली, खांबाला टेकली आणि संपली. समोर खाटेवर दादा होता. काही वर्षांपूर्वी त्याला लकवा मारला, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. त्याला दिसत होतं, कळत होतं, फक्त हाक मारता येत नव्हती. डाव्या हातातल्या काठीने तो खाट बडवत राहिला, शेजारच्या शेतातला गजानन धावत येईपर्यंत. लोक मला समजावत होते, "सोन्यासारखं मरण आलं, कोणाले तरास नाई देला." मला त्या वाक्याचा राग आला, अजूनही येतो. तिने कुणाला त्रास दिला नाही हे खरं. पण तिची शंभर कामं अर्ध्यावर पडली होती, निवडलेली आणि न निवडलेली डाळ एकाच सुपात राहिली होती, यात सोन्यासारखं काय होतं ते मला कुणी सांगितलं नाही.

बेबी हे तिचं खरं नाव. आमच्या वऱ्हाडात घरोघरी एखादी बेबी असते आणि केस पिकले तरी ती बेबीच राहते. मी चिडवायचो, "वहिनी, आता तरी नाव मोठं करा." ती म्हणायची, "नाव मोठं कराले बसून इचार करा लागते, भाऊजी. बसाले टाइम कुठी आहे?" जेवण उभ्याने, चहा चालता चालता, टीव्हीवरची मालिका दाराच्या चौकटीला टेकून, तीही जाहिरात लागेपर्यंत. जाहिरात लागली की ही बाहेर, आणि परत येईपर्यंत मालिका संपलेली. मग दुसऱ्या दिवशी मागचं काय झालं ते दादाला विचारायची. एसटीची तर गंमतच होती. गाडी स्टँडवर जरा जास्त वेळ थांबली की ही उतरून पुढच्या थांब्याकडे चालू लागायची. गाडी मागून यायची, ओळखीचा ड्रायव्हर ब्रेक मारायचा आणि हिला रस्त्यातून उचलायचा. "अहो, तिकीट काढलं होतं ना, मग बसून राहायचं," मी म्हणायचो. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "गाडी थांबली तं थांबू दे, मी काऊन थांबू?"

तांबडा ट्रॅक्टर दादाने आणला तो खामगावच्या एका बंगल्याच्या बागेतून. मालकाने तो हिरवळ कापायला आणि खत-माती ओढायला ठेवला होता, पुढे बंगलाच विकायला निघाला आणि ट्रॅक्टर दादाच्या पदरी पडला. आकाराने एवढासा, की गावातल्या मोठ्या ट्रॅक्टरवाल्यांनी त्याचं नाव 'खेळणं' ठेवलं. पण संत्र्याच्या दोन ओळींतून तो फांदीला धक्का न लावता जायचा, मागे फवारणीचा पंप ओढायचा, आणि दादाला तेवढंच हवं होतं. मग दादाला लकवा झाला. दवाखान्यातून त्याला घरी आणलं त्याच आठवड्यात मी म्हणालो, ट्रॅक्टर विकून टाका, आता चालवणार कोण? वहिनी त्या वेळी दादाची उशी बदलत होती. मान वर न करता म्हणाली, "विकाचं काऊन? मी आहो ना."

तिला शिकवलं दादानेच, खाटेवर पडल्या पडल्या, डाव्या हाताने. हात वर उचलला म्हणजे रेस वाढव, तळवा खाली दाबला म्हणजे हळू, बोटं मिटली म्हणजे थांब. अंगणात ती ट्रॅक्टर घेऊन गोल फिरायची, कोंबड्या जीव घेऊन पळायच्या आणि दादाचा हात वर-खाली होत राहायचा. चार-सहा महिन्यांत ती बागेत गेली. तिथून दादा दिसत नसे, पण त्याला आवाज येई. कुठल्या ओळीत आहे, वळली की थांबली, हे तो आवाजावरून ओळखायचा आणि तिकडे तोंड करून बसायचा. त्या दोघांची पुढे हाताचीच भाषा झाली. मला तिच्यातले मोजके शब्द येत. मूठ ओठाशी नेली म्हणजे पाणी. तळहात गालाला लावला म्हणजे झोप. आणि मनगट असं गोल फिरवलं की वहिनी स्वयंपाकघराकडे जायची, म्हणून मी ठरवून टाकलं होतं की मनगट म्हणजे चहा.

एका दिवाळीला मी गेलो असताना ती आल्या आल्या म्हणाली, "भाऊजी, ट्रॅक्टरचं तेल वाढून राह्यलं."

मी हसलो. "वहिनी, इंजिनाचं तेल जळतं, आटतं. वाढतं कुठे?"

"मंग आमच्या दुधवाल्याचं दूध कसं वाढते?"

आणि तिने तेल मोजायची पट्टी इंजिनातून उपसून थेट माझ्या नाकाखाली धरली. डिझेलचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी वरवट बकालहून मुश्ताकभाई आले. स्टँडमागे त्यांचं गॅरेज आहे, दादाचे ते जुने दोस्त, आणि बोलायला लागले की पान्हा हातात तसाच राहतो. त्यांनी इंजिनाच्या बाजूला लावलेला मुठीएवढा पंप खोलून दाखवला. टाकीतलं डिझेल ओढून पुढे ढकलायचं एवढंच त्याचं काम, त्याला फीड पंप म्हणतात. आत रबराची एक चकती असते, ती फाटली होती. रात्रभर टाकीतलं डिझेल त्या फाटीतून इंजिनाच्या तेलात झिरपायचं. "असंच चालवलं असतं ना भाभी, तं एक दिवस इंजिन जाम," ते म्हणाले. पंपच बदलू, बॅटरीवर चालणारा नवा बसवू, असं त्यांचं मत पडलं. वहिनीने एकच विचारलं, "त्याले हातानं माराची दांडी असते का?" नव्या पंपाला ती नसते. जुन्या पंपाला बाजूला एक छोटी दांडी होती, सकाळी चार वेळा ती खालीवर केली की डिझेल चढायचं आणि मग ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात उठायचा. वहिनीला ती दांडी हवी होती. बटण दाबून वाट बघत बसणं तिच्याने झालं नसतं.

मग त्या चकतीचा शोध सुरू झाला. इतक्या जुन्या पंपाची चकती लगेच मिळेना, फवारणी तर अडलेली. मुश्ताकभाईंनी तात्पुरती म्हणून जुन्या टायरच्या ट्यूबमधून एक गोल कापून बसवला. तो गोल डिझेल पिऊन असा फुगला की चार दिवसांत पंपाने अंग टाकलं. मुश्ताकभाई भलते खजील झाले. "डिझेलले हे रबर चालत नाई, मले मालूम होतं, तरी म्या केलं," असं दहा वेळा म्हणाले. शेवटी अकोल्याहून खरी चकती आली. ती त्यांनी इतक्या निगुतीने बसवली, की वहिनी जवळ येरझारा घालून थकली. काम झाल्यावर ते म्हणाले, "आता पाहाचं काम नाई भाभी. डोये झाकून चालवा." वहिनीने "हाव, हाव" म्हणत त्यांना चहा दिला. मीही तो विषय तिथेच विसरलो.

आमची शेवटची भेट पोळ्यानंतरची. मी संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो, दादा खाटेवर उठून बसलेला. बागेतून ट्रॅक्टरचा आवाज जवळ येत गेला, छपरीत शिरला, थांबला. मग वहिनीची रोजची फेरी सुरू झाली. छपरीतून बाहेर आली ती गोठ्याच्या फाटकाशी, तिथून कोंबड्यांच्या खुराड्याशी, तिथून विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीशी, मग घरात. जेवणं झाली, भांडी झाली, आणि सगळ्यात शेवटी गॅसच्या सिलिंडरचं बटण फिरवून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओरडली, "बंद केलं हो...!" दोन खोल्यांचं घर, दादा दहा हातांवर, पण ओरडायचीच. ती हाक आली की दादा काठी भिंतीला लावायचा आणि आडवा व्हायचा. तोवर बसून राहायचा. मी म्हणालो, "वहिनी, एवढं काय काय बंद करता हो?" ती म्हणाली, "जे उघडं राह्यलं का झोप येत नाई, ते सारं." सकाळी मला फाट्यावर सोडायला आली, गाडी दिसायच्या आधीच परत फिरली. पाठमोरी जाताना तिने फक्त हात हलवला... मी तिला पाहिलं ते तेवढंच.

ती गेली तेव्हा बागेत संत्र्याची गळ सुरू झाली होती. झाडाखाली हिरवी फळं पडायची आणि फवारणी थांबलेली. जलदानाचा कार्यक्रम झाला, नातेवाईक जयभीम करून आपापल्या गावी गेले, आणि घरात आम्ही तिघं उरलो. दादा, पल्लवी आणि मी. पल्लवी अकोल्याला नोकरी करते, तिची रजा संपत आली होती. ती म्हणाली, बाबांना घेऊन जाते. तिचं बरोबरच होतं. पण तिने ते बोलताच दादाने काठी अशी आपटली की ओट्यावरचं मांजर पळालं. गजानन आणि त्याची बायको बाग बटाईने करायला तयार होते. मागच्या खोलीत येऊन राहू, दादांचं खाणंपिणं पाहू, म्हणाले. फक्त गजाननची एक अट होती, आणि त्याचीही काही चूक नव्हती. "ट्रॅक्टर चालू झाला पाह्यजे, काका. इतल्या झाडायले पाठीवरच्या पंपानं फवारा माराले गेलो तं गळ थांबेपरेंत मीच गळून जाईन." म्हणजे सगळं त्या खेळण्यावर येऊन ठेपलं होतं. तो सुरू झाला तर दादा त्याच्या बागेत राहणार, नाही झाला तर रविवारी पल्लवीबरोबर अकोल्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात जाणार.

आणि दादाला चैन नव्हतं. रात्री सगळे झोपले तरी तो बसून. दिवसा छपरीकडे तोंड करून बसायचा, काठीने तिकडे दाखवायचा आणि डावं मनगट फिरवायचा. मी चहा ठेवायचो. तो कप बाजूला सारायचा. पुन्हा मनगट. मला वाटायचं साखर कमी झाली, पल्लवीला वाटायचं आईच्या हातचा हवा. एका सकाळी तिने चौथ्यांदा चहा करून दिला तेव्हा त्याने कप हातात घेतला आणि अंगणात भिरकावला. पल्लवी रडायला लागली. मला दादाचा संताप आला, आणि लगेच स्वतःचाही. माणूस बोलू शकत नाही हे एक, पण आपण त्याच्यासमोर उभे राहून त्याचं काही ऐकू शकत नाही, हे त्याहून वाईट. वहिनी असती तर तिला विचारलं असतं, दादा काय म्हणून राह्यले? हे मनात आलं आणि मी छपरीमागे जाऊन उभा राहिलो.

गजाननने ट्रॅक्टर पहिल्यांदा सुरू केला तेव्हा तो लगेच उठला. दादा खाटेवर ताठ झाला. ट्रॅक्टर छपरीतून बाहेर आला, अंगणाच्या मध्यावर पोचला, दोन आचके दिले आणि बंद पडला. पुन्हा मारला तर नुसता घरघरला. मी दादाकडे पाहिलं. त्याचा चेहरा मला पाहवला नाही. मुश्ताकभाईंना बोलावलं. त्यांनी दांडी मारून पाहिली, पंप खोलून पाहिला, नळी काढून पाहिली, नळीतून थोडं डिझेल गळलं. "माल तं येऊन राह्यला. पंपच ओढत नाई," ते म्हणाले. मी टाकीखालच्या, डिझेल बंद करायच्या कॉकबद्दल विचारलं तर हसले. तो कॉक कित्येक वर्षांपासून गंजून उघडाच अडकला होता, फिरवला तर हातात येईल असा. आणि या पंपाचा पूर्वेतिहास आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होता, त्यामुळे दुसरीकडे बघायचं कुणाच्या मनातच आलं नाही. चकती काढली तर ती धडधाकट निघाली. तरी त्यांनी बदलली. ट्रॅक्टर घरघरत राहिला.

शनिवारी ते नवा पंप घेऊन आले, जुन्यासारखाच, दांडीवाला. कुठून मिळवला कोण जाणे. "भाभीची पसंद," म्हणाले, आणि तोंड फिरवून कामाला लागले. मी शेजारी उभा होतो. कधी पान्हा दे, कधी कापड दे, आणि काही द्यायचं नसलं की येरझारा. वहिनीची सवय मला लागली की काय असं वाटत होतं. सीटच्या मागे चाकाच्या पत्र्याखाली एक जांभळी चिंधी बांधलेली होती, वहिनीच्या जुन्या लुगड्याची. जुन्या यंत्राला अशा चिंध्या असतातच. मी दोन-तीनदा तिलाच हात पुसले. पंप बसला. मुश्ताकभाईंनी बाटलीतून थोडं डिझेल नळीत ओतलं आणि सीटवरच्या गजाननला म्हणाले, "मारा." ट्रॅक्टर उठला. पल्लवी घरातून धावत बाहेर आली, गजाननच्या बायकोने हात जोडले, मी दादाला ओरडून सांगितलं, "झाला बे दादा!" थोरल्या भावाला मी आयुष्यात पहिल्यांदा बे म्हणालो... आणि तेवढ्यात तो पुन्हा आचके देऊन तिथेच बंद पडला. ओतलेलं डिझेल संपलं होतं, टाकीतलं येतच नव्हतं.

मुश्ताकभाई जमिनीवरच बसले. "उद्या टाकी खोलतो," म्हणाले. पण उद्या रविवार होता. पल्लवीने आत जाऊन बापाची पिशवी भरायला घेतली, त्याची बंडी, गोळ्या, वहिनीचा एक फोटो. दादाला ते दारातून दिसत होतं. त्याने काठी टेकली आणि उठायला लागला. मी धावलो, त्याची उजवी बाजू सावरली, कुठे जायचंय म्हणून विचारलं, त्याने काठी अंगणाकडे केली. उजवा पाय ओढत, माझ्या खांद्यावर भार टाकत तो ट्रॅक्टरपर्यंत आला. वहिनी ज्या बाजूने उतरायची त्या बाजूला उभा राहिला. मग काठी माझ्याकडे देऊन त्याने डावा हात सीटमागे, चाकाच्या पत्र्याखाली घातला आणि ती जांभळी चिंधी ओढली.

चिंधीच्या आत पितळेची एक छोटी तोटी होती. नळीच्या मध्येच बसवलेली, आणि आडवी. म्हणजे बंद.

"अरे..." मुश्ताकभाई गुडघ्यांवर सरकत जवळ आले. "हा तं गॅसच्या शेगडीचा कॉक आहे."

हे सगळं कसं झालं ते मला नंतर कळलं. शेगड्या आणि कुकर दुरुस्त करत सायकलवर गावोगाव हिंडणारा एक माणूस आहे, तो वहिनी गेल्याचं ऐकून भेटायला आला होता, त्याने सांगितलं. चकती बदलल्यावरही वहिनीचा जीव थाऱ्यावर नव्हता. पुन्हा फाटली तर? रात्रभर पुन्हा डिझेल झिरपलं तर? तिला एकच उपाय माहीत होता, जो ती रोज रात्री गॅसपाशी करायची. बंद करायचं. तिने त्या माणसाला शेगडीची तोटी ट्रॅक्टरच्या नळीत बसवायला लावली, उतरता उतरता हात पोचेल अशा जागी. थेंब गळू नये आणि धूळ बसू नये म्हणून वरून चिंधी बांधली. आणि त्याला बजावलं, "मुश्ताकभाईले सांगजो नोको. त्यायले वाईट वाटीन." ट्रॅक्टर दुसरं कुणी चालवतच नव्हतं, म्हणून दुसऱ्या कुणाला कळलं नाही. कळलं होतं ते फक्त दादाला. मनगट म्हणजे चहा नव्हताच. स्वयंपाकघर, छपरी, विहीर, जिथे कुठे काही फिरवून बंद करायचं असे तिथलं ते मनगट होतं. तो तिला विचारायचा, केलं का? आणि ती शेवटी एकदाच ओरडून उत्तर द्यायची.

पण त्या क्षणी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी दादाचा हात बघत होतो. तो तोटीवर ठेवलेला होता आणि फिरत नव्हता. आदल्या सगळ्या दिवसांत फिरून फिरून थकलेलं ते मनगट आता हलेना. ती तोटी वहिनीने बंद केली होती, त्या शेवटच्या संध्याकाळी, आणि तिच्यानंतर तिला कुणाचा हात लागला नव्हता. दादाला ती उघडायची होती आणि उघडवत नव्हती. ती गेल्यापासून तो रडला नव्हता, लोकांनी तशी कुजबुजही केली होती. तिथे, ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून, तो आवाज न करता रडला. मीही रडलो. मग त्याने माझा हात धरला, तोटीवर नेऊन ठेवला आणि आपला काढून घेतला.

मी तोटी फिरवली. मुश्ताकभाईंनी दांडी मारायला घेतली, एकदा, दोनदा, मग पंपाने घुटका घेतला आणि नळीतून बुडबुडे निघाले, त्यामागून डिझेल. ट्रॅक्टर उठला तो उठलाच. मुश्ताकभाईंनी ग्रीस लागलेल्या बाहीने डोळे पुसले, कपाळावर काळा पट्टा उमटला. "मले नाई सांगतलं भाभीनं. माह्या कामावर भरोसा नव्हता तिचा," असं म्हणता म्हणता ते हसायला लागले. "बरोबर केलं. ट्यूबची चकती म्याच बसवली होती ना!" जुना पंप त्यांनी कापडात गुंडाळून दादाच्या खाटेखाली ठेवला. तो चांगलाच होता.

गजाननने अंधार पडेपर्यंत फवारा मारला. आवाज बागेच्या ज्या बाजूला जाई त्या बाजूला दादा तोंड फिरवून बसायचा, कधी मान हलवायचा, कधी गजानन वळताना चुकला की नाक मुरडायचा. पल्लवीने पिशवीतली बंडी काढून पुन्हा दांडीवर टाकली, फोटो भिंतीला लावला. कुणी तसं ठरवून बोललं नाही, पण तिने उद्याचं एकच तिकीट काढायचं ठरवलेलं होतं. दिवेलागणीला गजानन ट्रॅक्टर छपरीत लावून सामान आणायला घरी गेला. आम्ही जेवलो. भांडी झाली. मी पाठ टेकणार तेवढ्यात पाहिलं तर दादा बसलेला. काठी हातात. माझ्याकडे बघत होता, आणि त्याने मनगट फिरवलं.

सवयीने मी स्वयंपाकघराकडे वळलो, आणि थबकलो. मग बॅटरी घेऊन छपरीत गेलो. सीटमागे हात घातला, तोटी आडवी केली, चिंधी होती तशी बांधली. परत येताना गोठ्याचं फाटक लावलं, खुराड्याची कडी घातली, मोटारीची पेटी पाहिली. घरात येऊन सिलिंडरचं बटण फिरवलं. दादा दहा हातांवर होता, हळू बोललो असतो तरी त्याला ऐकू गेलं असतं. पण मी दारात उभा राहिलो आणि जोरात ओरडलो, "बंद केलं हो...!"

दादाने काठी भिंतीला लावली आणि तो आडवा झाला.